आईचा जुना फोटो, मुलीचा नवा फोटो : बदललेल्या पोर्ट्रेटचं एक प्रकरण

रत्नागिरी, जुलै महिना. छायाचित्रण शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला तीन चौकटींचा प्रकल्प करायचा होता. विषय तिने स्वतःच निवडला होता : पोर्ट्रेट काढायचं आणि मग ते तीन कलाकारांच्या पद्धतीने बदलायचं. पहिले डेव्हिड हॉकनी. १९८२ पासून त्यांनी अनेक फोटो जोडून एक चित्र रचलं, आणि अशा रचनांना ‘जॉइनर’ म्हणतात. दुसरे जॉन स्टेझाकर. हे ब्रिटिश कलाकार जुनी सिनेमातली छायाचित्रं आणि नटनट्यांचे प्रसिद्धीचे फोटो कापून एका चेहऱ्यावर दुसरा ठेवतात. तिसरे मॉरिझियो आंझेरी. मूळचे इटलीचे आणि लंडनमध्ये राहणारे आंझेरी जुन्या बाजारात मिळालेल्या अनोळखी माणसांच्या फोटोंवर भरतकाम करतात.

हाताशी दोन गोष्टी होत्या. एक, अठ्ठावीस वर्षांच्या मैत्रिणीचा नवा रंगीत फोटो. दोन, त्या मैत्रिणीच्या आईचा १९८१ सालचा कृष्णधवल फोटो, लग्नाआधी स्टुडिओत काढलेला. पहिल्या आठवड्यात तिन्ही प्रयोग त्या एकाच नव्या फोटोवर झाले आणि तिन्ही फसले. ते का फसले आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं, याची ही सविस्तर नोंद.

मूळ फोटो आधी पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, अंतर दीड मीटर, खिडकीचा उजेड. पावसाळी आभाळामुळे उजेड कमी होता, म्हणून अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) एफ १.८ इतकं मोठं, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ४००. चेहरा किंचित वळलेला, चौकट कपाळापाशी कापलेली. मोबाइलच्या पडद्यावर फोटो देखणा दिसत होता. पण या मांडणीत स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. डोळ्यांपासून कान दहा-बारा सेंटिमीटर मागे असतात, त्यामुळे कान, केसांची कड आणि जबड्याचा मागचा भाग सगळं विरघळलेलं होतं. एरवी ही मऊ पार्श्वभूमी आपल्याला आवडते. पण कात्री किंवा सुई लावायची असेल, तर ज्या कडेवर काम करायचं ती कडच फोटोत नव्हती.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. हे तीन कलाकार तीन वेगळ्या गोष्टी बदलतात. हॉकनी वेळ आणि बघण्याची जागा बदलतात, स्टेझाकर माणसाची ओळख बदलतात आणि आंझेरी कागदाचा पृष्ठभाग बदलतात. ज्याला जे बदलायचं असतं, त्यासाठी फोटोत आधीपासून जागा ठेवावी लागते. पूर्ण झालेलं, स्वतःतच भरलेलं पोर्ट्रेट घेऊन ‘आता यावर अमुकची शैली लावू’ म्हटलं की ती शैली वरून चिकटवलेल्या झालरीसारखी दिसते. या प्रकरणात नेमकं तेच झालं.

जॉइनरची पहिली चूक अगदी सरळ होती. एकाच फोटोची ८ × १२ इंची प्रिंट काढली, तिचे चोवीस तुकडे केले आणि ते थोडे तिरपे, थोडे सरकवून चिकटवले. फुटलेल्या आरशासारखं काहीतरी तयार झालं. डोळा ते तुकडे क्षणात जुळवतो आणि मूळ फोटोवर परत जातो, कारण प्रत्येक तुकड्यात उजेड तोच, कोन तोच आणि क्षणही तोच असतो. हॉकनींच्या रचनेत प्रत्येक तुकडा हा वेगळा फोटो असतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये यॉर्कशरमधल्या बोल्टन अॅबी इथे त्यांनी आपल्या आईचं जे जॉइनर केलं, त्यात खालच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या बुटांची टोकंही येतात. फोटो काढणारा कुठे उभा आहे हे त्यामुळे चित्रातच कळतं. बघणारा माणूस एका जागी खिळलेला नसतो, नजर फिरत असते आणि त्या फिरण्याला वेळ लागतो. कात्रीने हा वेळ फोटोत घालता येत नाही.

दुसऱ्या फेरीत मैत्रिणीला खुर्चीवर बसवून ५० मिमी लेन्सने, सव्वा मीटरच्या आतबाहेरून पंचेचाळीस फोटो काढले. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगछटा ठरवणारी सेटिंग) एकाच ठिकाणी बांधलेला आणि फोकस मात्र दर फोटोला नव्याने. शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सामाईक ठेवला. डोळे, तोंड आणि हात यांचे तीन-तीन, चार-चार फोटो घेतले. मध्ये चहा आला, मैत्रीण हसली, हात मांडीवरून कपाकडे गेला, आणि हे सगळं फोटोंत राहू दिलं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला असता तर भिंत जास्त असलेल्या फोटोत त्वचा एका रंगाची आणि साडी जास्त असलेल्या फोटोत दुसऱ्याच रंगाची आली असती. थोडा फरक चालतो, तुकडे वेगळे असल्याची तो जाणीव देतो. मात्र पिवळट-निळसर ठिगळं पडली की नजर चेहऱ्याऐवजी रंगांवर जाते.

सगळ्या प्रिंट ४ × ६ इंची, मॅट कागदावर काढल्या. पंचेचाळीस प्रिंटचं एकूण क्षेत्रफळ १०८० चौरस इंच होतं. एकमेकांवर चढणारा तिसरा हिस्सा वजा केला की साधारण २४ × ३० इंचांची रचना होते, म्हणून पुठ्ठा त्याहून चारी बाजूंनी तीन इंच मोठा घेतला. मांडणी आधी जमिनीवर केली, डोळ्यांपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने. कडा सरळ कापायचा मोह टाळला. रचनेची वेडीवाकडी कड हीच नजर कुठे-कुठे गेली याची खूण असते. चिकटवण्याआधी वरून मोबाइलने फोटो काढून ठेवला, कारण पंख्याच्या एका झोतात ही मांडणी उडते.

स्टेझाकरच्या धर्तीवरचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं. इथे दोन चेहरे लागतात आणि ते एकमेकांशी बोलले पाहिजेत. आईचा मूळ फोटो कापायचा नव्हता, त्यामुळे पहिलं काम स्कॅनिंगचं. फोटोतली डोक्यावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंतची उंची फक्त तीन सेंटिमीटर होती. १२०० डीपीआयवर (दर इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केल्यावर त्या उंचीत साधारण १४०० पिक्सेल मिळाले, म्हणजे ३०० डीपीआयने छापताना बारा सेंटिमीटरचा चेहरा. याहून मोठं करायला गेलं तर कागदाचा कण आणि चरे चेहऱ्यापेक्षा ठळक होऊ लागतात.

त्या काळातले पुष्कळ स्टुडिओ-फोटो जाळीदार पोताच्या कागदावर असतात. हाही तसाच होता. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे पोताचा प्रत्येक उंचवटा चमकतो आणि चेहऱ्यावर बारीक पांढरी जाळी उमटते. यावर उपाय असा केला : एकदा सरळ स्कॅन, मग फोटो १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन. दुसरा संगणकात परत सरळ करून पहिल्यावर ५० टक्के अपारदर्शकतेने ठेवला. उंचवट्यांची चमक दोन्हींत विरुद्ध बाजूंना असल्याने जाळी बरीच मावळते. दोन्ही थर तंतोतंत जुळवणं मात्र गरजेचं असतं. अर्ध्या पिक्सेलचा फरकही पापण्या पुसट करतो.

आता मुलीचा, म्हणजे मैत्रिणीचा फोटो. पहिला दीड मीटरवरून काढलेला असल्याने आईच्या फोटोशी जुळत नव्हता. चेहऱ्याचा आकार लेन्सपेक्षा अंतरावर ठरतो. जवळून काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे सरतात. आईच्या फोटोतले कान आणि नाक यांचं प्रमाण पाहता तो बराच लांबून काढलेला होता. म्हणून मुलीला सव्वादोन मीटरवर बसवलं आणि चेहरा समोरासमोर ठेवला. मागे सरकल्याचा आणखी एक फायदा झाला. या अंतरावर एफ ४ ठेवलं तरी स्पष्ट खोली सतरा सेंटिमीटरच्या आसपास मिळते, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानांपर्यंत सगळं त्यात येतं. उजेड तितकाच आणि शटरही १/१२५ च. आयएसओ ४०० वरून २००० वर न्यावा लागला, पण आईच्या फोटोलाही कण होतेच, त्यामुळे ती दाणेदार पोत उपयोगीच पडली. डोक्याची उंची चोवीस मेगापिक्सेलच्या उभ्या चौकटीत पुन्हा साधारण १४०० पिक्सेल आली. दोन्ही चेहरे एकाच मापाने छापता येणार होते.

उजेडाची दिशा जुळवताना एक फसवा मार्ग समोर आला. आईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि वरून पडला होता, मुलीच्या चेहऱ्यावर उजवीकडून. संगणकात मुलीचा फोटो आरशासारखा उलटवला की सावल्या एका क्षणात जुळतात. तसं करूनही पाहिलं. घरच्यांनी बघताच विचारलं, ‘चमकी उजव्या नाकपुडीत कशी?’ केसांचा भांगही सरकला होता. चेहरे कुणाचेच दोन्ही बाजूंना सारखे नसतात, आणि जवळच्या माणसांना उलटवलेला चेहरा लगेच परका वाटतो. अखेर खुर्ची फिरवून खिडकी दुसऱ्या बाजूला आणली. उजेड वरून यावा म्हणून खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड काळ्या कापडाने झाकला. सावलीच्या बाजूला चेहऱ्यापासून दोन फुटांवर थर्माकोलचा ३ × २ फुटी पत्रा धरला. नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे तिरपी पडली, जशी आईच्या फोटोत होती.

दोन्ही प्रतिमा कृष्णधवल केल्या. जुन्या फोटोतला सर्वांत गडद भागही पूर्ण काळा नव्हता, गडद राखाडी होता. मुलीच्या फोटोतला काळा तितकाच वर उचलला. आईच्या फोटोवरचे चरे पुसले नाहीत. माप जुळवण्यासाठी चेहऱ्याची उंची न धरता डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर धरलं, दोन्हींत ३४ मिमी. केसांच्या फुगवट्यामुळे उंची फसवते, बाहुल्यांचं अंतर फसवत नाही.

कुठे कापायचं हे ठरवायला साध्या कागदावरच्या पाच झेरॉक्स पुरल्या. नाकाच्या मधून उभी चीर दिली तर ते ‘आधी आणि नंतर’च्या जाहिरातीसारखं दिसलं. आडवी चीर डोळ्यांखालून नेली तर मुखवटा वाटला. डाव्या कपाळापासून उजव्या जबड्याकडे जाणारी तिरकी रेघ ओठांच्या कोपऱ्याला स्पर्श करून गेली, तेव्हा चित्र बोलू लागलं. इथे आणखी एक गोष्ट हाताला लागली. डोळे, नाक आणि ओठ अगदी चपखल जुळवले की तिसरीच एक गुळगुळीत बाई तयार होते, चेहरे बदलणाऱ्या अॅपमधून निघते तशी. वरचा तुकडा चार-पाच मिलिमीटर सरकवला की आई आई राहते, मुलगी मुलगी राहते आणि नजर दोघींमध्ये ये-जा करते. स्टेझाकरच्या ‘मॅरेज’ मालिकेतली चित्रं पाहिली तर तिथेही जोड लपवलेला नसतो.

कापताना दोन्ही प्रिंट कापायच्या नाहीत. खालची अख्खी राहते, फक्त वरची कापायची. वरची १९० जीएसएमच्या (चौरस मीटरला १९० ग्रॅम वजनाच्या) पातळ कागदावर घेतली, म्हणजे जोडावर पायरी कमी दिसते. स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, कटरचं नवं पातं आणि एकच सलग ओढ. पातं दोनदा फिरवलं की कडेला पांढरा धागा निघतो. पहिल्या प्रयत्नात फेव्हिकॉल वापरला होता. त्यातल्या पाण्याने कागद फुगला आणि वाळल्यावर गालावर सुरकुती उठली. दुसऱ्यांदा आम्लविरहित दुहेरी चिकटपट्टी कडेपासून पाच मिलिमीटर आत लावली.

परवानगीचा मुद्दा इथेच सांगितलेला बरा, कारण घरातला जुना फोटो म्हणजे आपलाच, असं गृहीत धरलं जातं. भारतीय कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. हा फोटो मैत्रिणीच्या आजोबांनी काढून घेतला होता, त्यामुळे घरातल्यांची संमती पुरेशी होती. सिनेमातल्या नटीचा फोटो वापरला असता तर गणित वेगळं झालं असतं : २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. शैलीवर असा हक्क नसतो. तरीही कुणाकडून शिकलो त्याचं नाव चौकटीखाली लिहिणं हे किमान सौजन्य आहे. कायद्यापलीकडचा प्रश्न आईचा होता. आपला चेहरा चिरलेला बघायला तिला चालेल का, हे कापण्याआधी झेरॉक्स दाखवून विचारलं गेलं आणि मगच पातं उचललं.

भरतकामाची पहिली फेरी लॅबमधल्या चकचकीत ८ × १२ प्रिंटवर झाली. आंझेरींच्या कामात असतात तशा एका डोळ्यापासून निघणाऱ्या किरणांसारख्या छत्तीस रेघा घालायच्या होत्या. तीन गोष्टी बिघडल्या. लॅबचा कागद म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या थरांमध्ये दाबलेला कागद असतो. सुई आत गेली की वरचा थर तडकतो आणि भोकाभोवती पांढरी कड उभी राहते. काळ्या केसांत ती दुरूनही दिसते. दुसरं, गालाच्या रेषेवर भोकं दोन मिलिमीटरपेक्षा जवळ घेतली होती. दोरा ताणताच ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटली. तिसरं, छत्तीस दोरे एकाच भोकातून गेल्याने ते भोक चार मिलिमीटरचं झालं आणि डोळाच निखळला. किरणांची रचना करायचीच असेल तर पाच मिलिमीटर व्यासाच्या छोट्या वर्तुळावर सहा भोकं पाडून दोरे त्यांत वाटून घ्यावेत, लांबून ती एकाच बिंदूसारखी दिसतात.

पण तांत्रिक चुका दुरुस्त केल्या तरी ती नक्कलच राहिली असती. अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर आंझेरी जे मुखवटे विणतात, त्यांना त्या अनोळखीपणामुळे अर्थ येतो. इथे तर चेहरा ओळखीचा, आईही ओळखीची. म्हणून पद्धत घेतली आणि रेघ बदलली. मुलीच्या फोटोवर आईच्या चेहऱ्याची बाह्यरेषा दोऱ्याने काढायची : भुवया, नाकाची कड, ओठ, जबडा, भांग. जर्मन कलाकार अॅनेग्रेट सोल्टाऊ यांनी १९९० च्या दशकात ‘जनेराटिव’ या मालिकेत आजी, आई, स्वतः आणि मुलगी यांचे फोटो फाडून काळ्या दोऱ्याने एकमेकांना शिवले आहेत. पिढ्या दोऱ्याने जोडायचा धागा तिथून उचलला, मात्र फाडणं घेतलं नाही.

कागद ३०० जीएसएमचा, सुती लगद्याचा मॅट, पिगमेंट शाईने छापलेला. डाय शाई कोकणातल्या दमट हवेत आणि घामेजल्या बोटांनी पसरते. प्रिंटभोवती चारी बाजूंना सात सेंटिमीटर कोरी जागा सोडली. आईचा चेहरा त्याच मापात, बाहुल्यांमध्ये ३४ मिमी ठेवून, बटर पेपरवर उतरवला आणि तो प्रिंटवर कागदी टेपने हलकाच टेकवला. एकूण रेघ १४० सेंटिमीटर भरली. दर तीन मिलिमीटरला एक भोक, म्हणजे साधारण ४७० भोकं. खाली थर्माकोल ठेवून सगळी भोकं आधीच पाडून घेतली, बारीक सुई लाकडी दांड्यात बसवून, नेहमी छापलेल्या बाजूने मागे. मागून टोचलं तर छपाईच्या बाजूला शाई आणि कागदाचा फुगवटा उठतो. दाभण वापरू नये, भोकं जाड होतात.

टाका उलट्या टिपेचा. या टाक्यात पुढे जितकी रेघ दिसते त्याच्या दुप्पट दोरा मागे जातो, म्हणून १४० सेंटिमीटरला ४२० सेंटिमीटर दोरा, वर ओवायच्या टोकांचे मिळून साडेपाच मीटर धरले. अँकर या भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदरी आठ मीटर दोरा असतो. दोन पदर वापरले तर एका लडीतून चोवीस मीटर निघतात, त्यामुळे एकच लडी पुष्कळ झाली. एका वेळी ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब दोरा घेतला नाही. लांब दोरा कागदातून पुन्हा पुन्हा ओढला गेला की पिसतो आणि भोक रुंदावतो.

रंगाची निवड दोनदा बदलली. काळा दोरा केसांत हरवला. लाल रंग चांगला दिसला, पण ओल्या पांढऱ्या कापडावर घासल्यावर रंग उतरला, म्हणजे दमट दिवसांत तो कागदावरही उतरला असता. शेवटी फिकट करडा निवडला, जो त्वचेवर गडद आणि केसांवर उजळ दिसतो. गाठी मारल्या नाहीत. टोकं मागच्या टाक्यांखालून तीन-चार वेळा ओवून टाकली, कारण गाठीचा उंचवटा समोरून गालावर फोडासारखा दिसतो. दोरा हलकाच ओढायचा : कापडाला सवय असते तितका ताण कागदाला दिला की प्रिंट पन्हळीसारखी वाकते. शिवताना माउंटबोर्डची रिकामी चौकट कापून प्रिंटच्या कोऱ्या कडा तिच्यावर टेपने धरल्या. भोकं पाडायला एक तास लागला आणि शिवायला सुमारे चार.

तयार कामात दोन्ही चेहऱ्यांचे डोळे एकाच जागी येतात, पण आईचा जबडा मुलीच्या जबड्याबाहेर बोटभर पडतो. हा फरक कुणी आधी पाहिला नव्हता.

चौकट बसवताना काच दोऱ्याला टेकू दिली नाही. मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी सर्व बाजूंनी घातली. प्रिंट पाठीला पूर्ण चिकटवली नाही. वरच्या कडेला दोन छोट्या कागदी बिजागऱ्यांवर टांगली, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. पाठीमागे प्लायऐवजी आम्लविरहित बोर्ड आणि भिंत व चौकट यांत बुचाचे चार छोटे तुकडे, हवा खेळण्यासाठी. जुन्या घरांतले हाताने रंगवलेले पूर्वजांचे फोटो बहुतेकदा ओल्या भिंतीला पाठ टेकूनच बुरशीने खराब झालेले आढळतात. ही चौकट सप्टेंबरअखेर एकदा उघडून मागची बाजू बघायची, असं तिच्या पाठीवरच पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.